३१ मार्चनंतर: तस्करीतून सुटलेल्या मुलींचं काम अनुदानाशिवाय चालू ठेवताना

जून २०२४ मध्ये परदेशी देणगीदार संस्थेचं पत्र आलं. करार ३१ मार्च २०२५ ला संपतो, त्यापुढे नूतनीकरण नाही. कामावर नाराजी नव्हती, त्यांनी आपला निधी दुसऱ्या देशांकडे वळवायचं ठरवलं होतं. गोव्यात मानवी तस्करीतून सुटलेल्या मुली आणि बायकांबरोबर काम करणाऱ्या लहान संस्थांना असं पत्र आज ना उद्या येतंच. तेव्हा सुरुवात कुठून करायची हे मराठीत कुणी लिहून ठेवलेलं आम्हाला सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी कामाचा आवाका. आमचं स्वतःचं निवासगृह नाही. कळंगुट-बागा-हणजूण पट्ट्यात आणि वास्कोकडे फिरून संपर्क ठेवणं, पोलिसांच्या छाप्यानंतर मेरशीच्या सरकारी प्रोटेक्टिव्ह होममध्ये (संरक्षणगृहात) समुपदेशन, कोर्टात सोबत, मुलगी घरी परतल्यावरचा पाठपुरावा आणि एक छोटं शिवणकेंद्र, एवढंच. ज्यांचं निवासगृह आहे त्यांच्यावर जागा, जेवण आणि रात्रपाळीचा भार असतो, त्यांचं गणित निराळं.

पत्र आल्यावर सगळ्यांचं मन नव्या देणगीदाराच्या शोधाकडे धावलं. तो शोध आम्ही महिनाभर बाजूला ठेवला आणि एक तक्ता केला. देणगीदारासाठीच्या तक्त्यात उपक्रम असतात, या तक्त्यात फक्त मुलींना शब्द दिलेल्या गोष्टी होत्या. प्रत्येकीसाठी एक ओळ, नावाऐवजी क्रमांक. खटला कोणत्या कोर्टात आणि कोणत्या टप्प्यावर, साक्ष झाली का, नुकसानभरपाईचा अर्ज कुठवर आला, बँक खातं, मुदत ठेव, प्रशिक्षण कधी संपणार, औषधं, घरी विश्वासाचं माणूस कोण. शेवटचा रकाना होता: आपली गरज कोणत्या तारखेपर्यंत आहे. तो भरून झाल्यावर अनुदानाची तारीख मार्च २०२५ आणि रकान्यातल्या तारखा २०२८ पर्यंत पसरलेल्या, हे एका पानावर दिसलं. पोटात गोळा आला, पण पुढचे सगळे निर्णय त्या पानावरूनच झाले.

दोन उदाहरणं देतो, म्हणजे या तारखा इतक्या लांब का जातात ते कळेल. पहिलं साक्षीचं. मुलगी काही महिन्यांत बंगाल, कर्नाटक किंवा दिल्लीकडे आपल्या घरी जाते. खटला इथे चालतो आणि तिची साक्ष लागते तेव्हा वर्षं उलटलेली असतात. फोन बदललेला, लग्न झालेलं, सासरी कुणाला काही ठाऊक नसलेलं. अशा घरी समन्स घेऊन गणवेशातला पोलीस गेला तर तिचा संसार मोडू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० मुळे कोर्टाचं कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून करता येतं, म्हणजे ती तिच्या जवळच्या न्यायालय संकुलातून साक्ष देऊ शकते. पण हे आपोआप होत नाही. सरकारी वकिलांना आधी भेटून, समन्स निघण्यापूर्वी अर्ज द्यावा लागतो. तिकडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) कळवून तिच्याबरोबर बसायला एक बाई ठरवावी लागते. दुभाषी लागणार असेल तर तेही त्याच अर्जात लिहावं, नाहीतर सगळं जुळून आल्यावर तारीख पुढे जाते.

दुसरं उदाहरण मुदत ठेवीचं. लैंगिक अत्याचाराची कलमं लागलेल्या प्रकरणांत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेखाली भरपाई मिळू शकते. सज्ञान स्त्रीला मिळालेल्या रकमेपैकी साधारण ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जातात, उरलेले हातात येतात. तीन वर्षांनी ठेव पिकते तेव्हा मुलगी दुसऱ्या राज्यात असते, केवायसी जुनी झालेली असते, आधारवरचा मोबाईल नंबर बंद पडलेला असतो. पैसा तिचाच, पण हातात येत नाही. म्हणून ठेवीच्या पावतीची प्रत, पिकण्याची तारीख आणि बँकेची शाखा तक्त्यात हवी. ठेव करतानाच खातं अशा बँकेत घ्यावं जिची शाखा तिच्या गावाजवळ आहे.

जुलैत खर्च मांडला. महिन्याला सुमारे २ लाख ७० हजार रुपये लागत होते. त्यातला मोठा भाग पगारांचा, मग पर्वरीच्या फ्लॅटचं भाडं, प्रवास, वकिलाची फी. प्रत्येक रकमेसमोर एकच प्रश्न लिहिला: हे काम कायद्याने कुणाचं आहे? उत्तरं लिहिता लिहिता लक्षात आलं की बरीच कामं आम्ही अनुदान होतं म्हणून करत होतो, कायद्याने ती दुसऱ्या कुणाची तरी होती.

वकिलाचंच पाहा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मानवी तस्करीला बळी पडलेली व्यक्ती, आणि कोणतीही स्त्री, उत्पन्न न पाहता मोफत वकिलाला पात्र आहे. उत्तर आणि दक्षिण गोवा जिल्हा प्राधिकरणांकडे अर्ज करून चालू प्रकरणं एकेक करून पॅनेलवरच्या वकिलांकडे दिली. प्रत्येक फायलीबरोबर दोन पानी टिपण दिलं: मुलीला कोणती भाषा समजते, कोणत्या प्रश्नाने ती कोसळते, कोणती कागदपत्रं कुठे आहेत. हे टिपण नसेल तर नवा वकील पहिल्या तारखेला फक्त पुढची तारीख मागून घेतो. आमच्या दोन क्षेत्र कार्यकर्त्या प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेविका झाल्या. मानधन कामाच्या दिवसाप्रमाणे मिळतं, त्यावर घर चालत नाही, पण ओळखपत्रामुळे पोलीस ठाण्यात आणि कोर्टात त्यांना कुणी अडवत नाही.

पिटा कायद्यात, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम १९५६ मध्ये, आमच्यासारख्यांसाठी जागा ठेवलेल्याच आहेत आणि त्यांना अनुदान लागत नाही. विशेष पोलीस अधिकाऱ्याबरोबर पाच जणांपर्यंतचं बिनसरकारी सल्लागार मंडळ असू शकतं. छाप्यात बाहेर काढलेल्या स्त्रीची चौकशी महिला पोलिसानेच करायची असते, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला सदस्यासमोरच. कलम १७ खाली दंडाधिकाऱ्यांना मदत करायला पाच जणांचं मंडळ नेमता येतं आणि त्यात, जिथे शक्य असेल तिथे, तीन स्त्रिया हव्यात. कलम १७ अ खाली मुलीला पालकांच्या किंवा नवऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी त्यांची चौकशी मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घेता येते. ही चौकशी चालू असताना तिला ताब्यात ठेवण्याची मुदत तीन आठवड्यांची, आणि तेवढ्यात मुर्शिदाबादहून किंवा बेळगावहून घरचौकशीचा अहवाल यायला हवा. तिकडच्या संस्थांशी ओळख असेल तरच ते जमतं. अहवाल वेळेत आला नाही की तिला वर्षभर किंवा जास्त संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश होण्याची शक्यता वाढते.

या जागा तोंडी आश्वासनावर घेऊ नयेत. ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ हा काळ त्यासाठीच गेला. अर्जाबरोबर नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना (नियमावली), तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, काम करणाऱ्या स्त्रियांची यादी आणि प्रत्येकीचा पोलिसांकडचा चारित्र्य दाखला जोडला. दाखल्यांनाच सर्वांत जास्त वेळ लागला. अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्यावा आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तोच क्रमांक लिहावा. एका कार्यालयात अधिकारी बदलल्यावर आमची फाईल सापडेना, तेव्हा हातातली शिक्क्याची प्रतच कामी आली.

समुपदेशनासाठी केंद्र सरकारच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या योजनेचा आधार घेतला. उज्ज्वला आणि स्वाधार गृह या जुन्या योजना २०२२ पासून त्यात शक्ती सदन म्हणून एकत्र झाल्या आहेत आणि तिथे समुपदेशन हा सेवेचाच भाग आहे. महिला व बाल विकास खात्याकडे प्रस्ताव देताना ‘आमच्या संस्थेला मदत करा’ असं लिहिलं नाही. योजनेतली कोणती सेवा, आठवड्यातले किती तास, नोंदी कोण ठेवणार, मानधन किती, असं लिहिलं. सरकारी खर्चाचा अंदाज नव्या आर्थिक वर्षाच्या बराच आधी तयार होतो, म्हणून प्रस्ताव सप्टेंबरच्या आत दिलेला बरा. मार्चमध्ये दिलेल्या अर्जाला पुढच्या वर्षाचं उत्तर मिळतं.

इथे एक मत स्पष्टपणे मांडायचं आहे. सुटका झालेल्या किती जणी गृहात आहेत, यावर कामाचं यश मोजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशात, सज्ञान स्त्रियांना इच्छेविरुद्ध संरक्षणगृहात ठेवलेल्या प्रकरणांचा आढावा घेऊन त्यांना मुदतीत सोडण्याचा निर्देश दिला आहे. पैसे कमी असताना तर जिला घरी जायचं आहे तिचे कागद सर्वांत आधी पूर्ण करावेत.

ऑक्टोबरपासून पैशांची बाजू. परकीय निधी बंद करतानाच्या गोष्टी नीरस आहेत, पण चुकवू नयेत. उरलेली रक्कम सोबतच्या छोट्या महिला मंडळांना द्यावी असं मनात येतं, पण परकीय योगदान (नियमन) कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या, २०२० च्या दुरुस्तीपासून परकीय निधी दुसऱ्या कुणाकडे वळवता येत नाही, त्यांच्याकडे एफसीआरए नोंदणी असली तरी नाही. शिलाई मशीनं आणि संगणक त्याच कामासाठी संस्थेकडेच राहतील, असं देणगीदाराचं पत्र प्रकल्प चालू असतानाच घ्या. नंतर तिकडचा ओळखीचा माणूसही नोकरी सोडून गेलेला असतो. निधी संपला तरी वार्षिक विवरण ३१ डिसेंबरच्या आत भरावंच लागतं, ‘निरंक’ असलं तरी. सीएची त्या वर्षाची फी आधीच बाजूला काढून ठेवा.

गोव्यात एक खास अडचण येते. मदत करायला तयार असलेले बरेच गोंयकार लंडनला किंवा लिस्बनला असतात आणि त्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो. माणूस आपला, गाव आपलं, पैसे रुपयांत, तरी नागरिकत्व परदेशी असल्यामुळे ती परकीय देणगीच ठरते. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी. ती फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच घेता येते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या कमाईतून दिलेले पैसे मात्र स्थानिक देणगी धरतात. आम्ही देणगीच्या अर्जात पासपोर्टचा रकाना टाकला आणि क्यूआर कोड सगळीकडे फिरवणं थांबवलं. कुणी कुठून पैसे टाकले ते कळत नसेल तर नोंदणीच धोक्यात येते.

सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, बारा-ए व ऐंशी-जी (जुन्या आयकर कायद्यातल्या करसवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ नोंदणी लागते. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांना भेटताना दोन प्रश्न ठरलेले होते. पहिला, ‘पगाराला पैसे देता येत नाहीत, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे.’ ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याच्या थेट खर्चाला, म्हणजे समुपदेशिकेच्या मानधनाला, ती लागत नाही. नियमांतली ‘प्रशासकीय खर्चा’ची व्याख्या छापून बरोबर नेली की बोलणं पुढे सरकतं. दुसरा प्रश्न फोटोंचा. अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणं पोक्सोच्या (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम २३ ने आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने गुन्हा आहे, बलात्कार पीडितेच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने. पाठमोरा फोटोही नको, गोवा लहान आहे, केसांवरून आणि चपलेवरून माणूस ओळखू येतो. त्याऐवजी सोबत केलेल्या कोर्ट तारखांचा तिमाही गोषवारा आणि शिवलेल्या मालाचे नमुने दिले. एका कंपनीने फोटोंशिवाय नकार दिला, दुसरीने होकार दिला. होकार जानेवारी २०२५ मध्ये आला आणि पहिला हप्ता ऑगस्टमध्ये. एप्रिल ते जुलै ही दरी स्थानिक देणग्यांच्या शिल्लकीवर निभावली. चार-पाच महिन्यांचा खर्च स्थानिक खात्यात साठवल्याशिवाय शेवटच्या वर्षात जाऊ नका.

दरमहा ५०० रुपये देणारे वैयक्तिक देणगीदार हा सर्वांत स्थिर पैसा ठरला. नव्या करप्रणालीत ऐंशी-जीची सवलत मिळत नाही, त्यामुळे सवलतीच्या आशेवर येणारे कमी झाले आहेत. जे येतात ते कामासाठी येतात. पावत्या आणि ३१ मेपूर्वीचं विवरण यांत हयगय केली की तेही जातात.

आता शिवणकेंद्र. याबद्दल थोडं लांबण लावतो, कारण ‘मुलींनी वस्तू बनवायच्या, त्या विकून कार्यक्रम चालवायचा’ हा सल्ला प्रत्येक जण देतो. वास्कोतली बायणाची वेश्यावस्ती २००४ मध्ये पाडल्यानंतर ‘अर्ज’ संस्थेने ‘स्विफ्ट वॉश’ ही धुलाईची यंत्रणा उभी करून गोव्यात हे करून दाखवलं आहे. पण ते पूर्ण वेळेचा उद्योग म्हणून केलेलं काम आहे. आमच्याकडे हॉटेलांच्या धुलाईच्या कापडी पिशव्या आणि उशांचे अभ्रे होतात. एका पिशवीला कापड ३८ रुपये, दोरी-धागा ६, शिलाईची मजुरी ३०, वीज-वाहतूक-वाया गेलेलं ८, मिळून ८२. हॉटेल ९५ देतं. हजार पिशव्यांवर १३ हजार उरतात, समुपदेशिकेचं मानधन ३० हजार. मजुरी कमी करून नफा वाढवायचा तर ज्या पिळवणुकीतून मुलगी आली तीच पुन्हा आपल्या छपराखाली सुरू होते. केंद्र मुलींच्या मजुरीसाठी चालवावं. त्यातून कार्यक्रमाचा खर्च निघेल असं अंदाजपत्रकात लिहू नये.

काय बिघडतं तेही सांगतो. शुद्ध सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, म्हणून १८ बाय २८ इंचांच्या अभ्र्यासाठी कापड आधी भिजवून वाळवावं, नाहीतर कापताना लांबीत इंचभर जास्त घ्यावं. एका ऑर्डरचं सगळं कापड एकाच लॉटचं घ्यावं, पांढऱ्याच्याही छटा असतात आणि हॉटेलची हाऊसकीपिंगची बाई ते दारातच ओळखते. ऑर्डरी ऑक्टोबर ते मार्च येतात, जून ते ऑगस्ट शुकशुकाट. त्या काळात गणवेश आणि चतुर्थीच्या सजावटीचं काम धरावं. पावसाळ्यात कापड जमिनीवर ठेवलं की कुबट वास धरतं आणि सुया गंजतात. फळीवर, प्लास्टिकात, खाली कडुलिंबाचा पाला. पैसे उशिरा येतात म्हणून उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी) नोंदणी करून घ्यावी. सूक्ष्म-लघु उद्योगाची रक्कम मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिली नाही तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात वजा करता येतो. बिलाखाली उद्यम क्रमांक छापल्यापासून आमची येणी लवकर वसूल होऊ लागली. केंद्राचे हिशेब संस्थेच्या हिशेबापासून वेगळ्या वहीत हवेत.

शिवणारी कोण आहे हे गिऱ्हाईकाला कधीच सांगू नये. माल तपासायला त्यांचा माणूस केंद्रावर नको, माल आपण न्यावा. आणि हॉटेल निवडताना डोळे उघडे ठेवावेत, कारण हाच व्यवसाय तस्करीला खोल्याही पुरवतो. गोवा बाल कायदा २००३ प्रमाणे मूल कुटुंबाबरोबर किंवा नातेवाइकांबरोबर नोंदवलेलं नसेल तर त्याला खोलीत प्रवेश देता येत नाही. हा नियम पाळण्याबद्दलचा परिच्छेद आम्ही खरेदी करारातच घालतो. तो नको म्हणणाऱ्या हॉटेलची ऑर्डर घेत नाही.

जानेवारी ते मार्च २०२५ सर्वांत जड गेले. नऊ जणांपैकी चौघीच पगारावर राहणार होत्या. पाच वर्षं पूर्ण झालेल्यांची ग्रॅच्युइटी देणगीदाराच्या अंदाजपत्रकात नव्हती. बंद करण्याच्या खर्चात ती घालून मागितली आणि मिळाली. सहा महिने आधी मागितल्यामुळेच मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, तेव्हा आपल्या सीएकडून हिशेब नव्याने करून घ्या. जाणाऱ्या प्रत्येक ताईने आपल्या मुलींची ओळख राहणाऱ्या ताईशी स्वतः, समोरासमोर किंवा फोनवर करून दिली. ‘संस्था बंद पडली’ अशी वार्ता उडाली की दलालांचे फोन सुरू होतात, म्हणून मुलींना फेब्रुवारीतच सांगितलं: कोण जाणार, कोण राहणार, काय चालू राहील, काय नाही.

एक छोटी वाटणारी गोष्ट कृपया विसरू नका. मुलींकडे पाठ असलेला संस्थेचा मोबाईल नंबर. प्रकल्प संपला, रिचार्ज झालं नाही, की काही महिन्यांत तो नंबर बंद होऊन दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. तीन वर्षांनी मुलगी अडचणीत फोन करते आणि पलीकडे अनोळखी पुरुष. आमचा नंबर एका कार्यकर्तीच्या नावावर होता, तो संस्थेच्या नावावर पोस्टपेड करून घेतला. महिन्याला पाचशेच्या आत खर्च येतो. अंदाजपत्रकात तो पहिल्या ओळीवर आहे. त्याबरोबर १८१ (महिलांसाठी), १०९८ (मुलांसाठी) आणि ११२ (आपत्कालीन) हे तीन क्रमांक प्रत्येकीला पाठ करून दिले, कागदावर लिहून दिले नाहीत.

फायलींचंही तसंच. शेवटच्या लेखापरीक्षणात मुलींच्या मूळ फायली मागितल्या तर नावं झाकून क्रमांकाच्या प्रती द्याव्यात. मूळ फायली दोन किल्ल्यांच्या कपाटात, किल्ल्या दोघींकडे.

सध्या महिन्याचा खर्च ९५ हजारांच्या आसपास आहे. पर्वरीचा फ्लॅट सोडला, एका मंडळाच्या वाचनालयाची मागची खोली मिळाली आहे. रात्रीचा किनारपट्टीवरचा संपर्क बंद करावा लागला आणि त्याची जागा कुणी घेतलेली नाही, याचं फार वाईट वाटतं. सुटकेपूर्वी मुलीला भेटणारं कुणी असणं ही गोष्ट वेगळीच होती. समुपदेशन आठवड्यातून दोन दिवस चालू आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, तेव्हा पावत्यांवरचे कलम क्रमांक बदलून छापावे लागतात. तक्त्यातल्या काही ओळी साक्ष होऊन बंद झाल्या. पुढच्या महिन्यात दोन साक्षी लागल्या आहेत, दोन्ही व्हिडिओवरून, बंगाली दुभाष्याचा अर्ज मंजूर आहे. तिकडच्या संस्थेची बाई मुलीला घेऊन आदल्या दिवशी कॅमेरा आणि आवाज तपासून येणार आहे.